एक रेघ जास्त

एल्वरटन मठ,
संत मायकेलच्या सणाआधीचा मंगळवार,
हेन्री राजाच्या राज्याचं तेविसावं वर्ष

प्रिय इडोनिया,

अनेक आशीर्वाद. तू, थर्स्टन आणि तुमची डुकरं, सगळे खुशाल असाल. हे पत्र तुला गावचे पाद्री हॅमोबाबा वाचून दाखवतील. बाबा, तुम्हालाही नमस्कार. आधी दार लावून घ्या आणि मधेच खोकून काही गाळू नका. तुमचा तो खोकला मला चांगला माहीत आहे.

मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पण बोटं शाबूत आहेत. मठाच्या बखरीतलं राजांचं प्रकरण पुरं करत आणलंय. कोण कधी गादीवर बसला, कोण कशाने गेला, सगळं तारीखवार. एका राजाचा मुलगा जहाजासकट बुडाला, आणि राजा स्वतः वैद्य नको म्हणत असताना मासे चापून खाऊन गेला. राज्य करताना मोठा दरारा, आणि मरताना आपल्या ऑड्री मावशीच्या नवऱ्यासारखा, पोट धरून!

ईस्टरला तू फाटकाशी आली होतीस, ते मनातून जात नाही. तू खिडकीतून विचारलंस, "दादा, खरं सांग. आपली ओकची राई लालतोंड्या विल्यम राजाने मठाला दिली, असा कागद आहे का?" मी म्हटलं, "आहे. मी डोळ्यांनी पाहिलाय." तू म्हणालीस, "मग आमची डुकरं हिवाळ्यात ओकची फळं सोडून काय तुझी प्रार्थना खातील?" आणि पाठ फिरवून गेलीस. मी तुझ्यासाठी पुढे केलेली भाकरी तशीच खिडकीत राहिली.

मी खोटं बोललो नव्हतो. कागद मी पाहिला होता. रोज दुपारी, तीन आठवडे.

इडी, तो कागद मीच लिहिला.

मठाधिपती म्हणाले, राजाने राई खरोखर दिली होती, मूळ कागद आगीत जळाला, आपण फक्त तो पुन्हा लिहितोय. सगळे मठ असंच करतात. मी विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता. ते म्हणाले, "ओस्बर्न, शंभर वर्षांपूर्वीचं अक्षर तुझ्याशिवाय कुणाला जमणार?" मी फुशारलो. जुन्या कागदाची मोहोर लावली, चुलीच्या धुरावर लिहायचं चामडं पिवळं केलं. राई कुठली, ते पहिल्या ओळीपासून माहीत होतं.

आता नीट ऐक. त्या कागदावर मी लिहिलंय, 'विल्यम राजाच्या राज्याच्या चौदाव्या वर्षी.' रोमन आकड्यांत, दहाची फुली आणि पुढे चार उभ्या रेघा. गेल्या आठवड्यात बखर लिहिताना मी वर्षं मोजली, आणि पुन्हा मोजली. तो राजा गादीवर बसला शरद ऋतूत, आणि शिकारीत बाण लागून मेला तेराव्या उन्हाळ्यात. त्याचं चौदावं वर्ष उजाडलंच नाही! मेलेल्या राजाने तुमची राई दान केली, म्हणायची.

ही चूक मी मुद्दाम केली असं सांगायला मला फार आवडलं असतं. नाही, ती घाईतली चूक होती. पण परवा मठाधिपतींनी कागद शेवटचा तपासायला माझ्याच हाती दिला. खरवडायची सुरी समोर होती. एक रेघ खरवडली की चौदाचे तेरा. एवढंच काम. मी सुरी उचलली, तू खिडकीत म्हणालीस ते आठवलं, आणि ती खाली ठेवली. कागद परत देताना म्हटलं, "ठीक आहे." हे मात्र मुद्दाम.

सणानंतरच्या सोमवारी राजाचे फिरते न्यायाधीश राईचा दावा ऐकायला तुमच्याकडे येतील. तुम्ही कुणाचे वेठबिगार नाही, तुम्हाला त्यांच्यापुढे बोलायचा हक्क आहे. थर्स्टनला बोलू देऊ नकोस, तो चिडतो. तूच उभी राहा. कागद वाचून झाला की एवढंच विचार, "साहेब, हा राजा किती वर्षं होता? मठाची बखर आणली आहे, तीत बघा." मठाधिपती बखर मिरवायला आणणारच आहेत. त्यांना वाटतं, तिच्यामुळे दावा पक्का होईल.

त्यांची नजर अधू आहे, म्हणून वाचायला मलाच पुढे बोलावतील. राजा गादीवर बसला ते पान आणि तो मेला ते पान, दोन्ही मी मोठ्याने वाचीन. आणि अक्षर कुणाचं असं न्यायाधीशांनी विचारलं, तर तेही सांगेन. नाही विचारलं तरी सांगेन.

मग लेखणी जाईल. कोठडी आणि वर्षभर पाणी-भाकरी, हे ठरलेलं. माझी काळजी करू नकोस, मी करत नाही. किती महिन्यांनी काल गाढ झोपलो. तू फक्त समोर उभी राहा, म्हणजे वाचताना मला तुझ्याकडे बघता येईल.

हे पत्र जाळू नकोस. मी सोमवारी कच खाल्ली, तर हॅमोबाबांनी हेच न्यायाधीशांना द्यावं. बखरीशी अक्षर जुळवून बघायला सोपं जाईल.

तुझी राई ज्याने लिहून दिली, आणि जो ती परत वाचून देणार आहे,
तो तुझा दादा,
ओस्बर्न