भरलेल्या घागरी

गुरुजी, आज सकाळी आमच्या पद्मनाभपुरात तुंबलेली नाली पाहायला दोन साहेब आले. गाडीतून उतरले, पाहिलं, मान हलवली आणि गेले. त्यांच्या पाठमोऱ्या शर्टांकडे पाहताना तुम्ही आठवलात. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, मीही आता काठी घेऊन चालतो, पण राग अजून तसाच आहे.

हिंदी मुलखातल्या चरोद्याची ती आपली मराठी गल्ली डोळ्यांपुढे येते. तिकडे पोलादाचा कारखाना उभा राहतोय, सेक्टरांमध्ये ओळीनं क्वार्टर बांधले जाताहेत, प्रत्येकात नळ. आणि रेल्वे यार्डाच्या अलीकडे आपण, क्वार्टर न मिळालेली माणसं. आपलं पाणी म्हणजे रुळांपलीकडे इंजिनात भरताना सांडेल ते. वाटेत मालगाडी उभी असली की आई आधी घागरी डब्याखालून पलीकडे सरकवते, मग स्वतः वाकून जाते. शंटिंगचे, इंजिनानं ढकलून सोडलेले डबे कसे गुपचूप सरकतात, तुम्हाला ठाऊक होतं. तुमची बायकोही त्याच वाटेनं जायची.

मी विशीतला, कारखान्यात फिटरचं काम शिकत होतो, तरी रविवारी शाळेच्या व्हरांड्यात तुमच्या वर्गाला येऊन बसायचो, केवळ कवितेसाठी. तुम्ही डोळे मिटून चालीवर म्हणायचात. मध्येच इंजिनाची शिट्टी झाली की ओळ तिथंच धरून ठेवायचात, आणि शिट्टी विरली की पुढचा शब्द असा अलगद सोडायचात, की वाटायचं शिट्टीसुद्धा कवितेतलीच. तसं म्हणणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

वस्ती-सुधार समितीवर तुम्हाला घेतलं तेव्हा गल्लीत गूळ वाटला होता. "आता काय, आपला मास्तर आत हाय," असं शेजारचा, रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन ज्याला त्याला सांगत फिरला. नळाचा अर्ज तुम्ही लिहिलात, मी तो हिंदीत उतरवला. मग समितीचे लोक पाहणीला येणार असं कळलं, आणि आपल्या बायकांनी काय केलं? पहाटेपासून खेपा घालून घराघरातली भांडी राखेनं घासली, काठोकाठ भरली आणि दारापुढं ओळीनं मांडली.

मी आईला म्हटलं, "अवो माय, रिकाम्या ठेव. पानी नाही हेच त दाखवाचं हाय त्याहिले."

"पाहुन्यापुढं रिकामी घागर ठेवू? येवढं बी वळन नाही काय मले? तू जाय, आंघोळ कर."

तुम्ही स्वतः दोन बादल्या आणताना मला दिसलात. समितीबरोबर आलेल्या ओव्हरसियरनं आईच्या घागरीवर टिचकी मारली. "मास्टरजी, यहाँ तो पानी ही पानी है. हमारे बंगले में इतना नहीं आता." सगळे हसले. आईही पदराआड हसली, तिला ती शाबासकी वाटली. तुम्हीही हसलात. मला वाटलं, गुरुजी बैठकीत सांगतील.

बैठकीला मी अर्जाची प्रत घेऊन मागच्या बाकावर बसलो होतो. नळाच्या पुढचाच विषय तुमच्या मराठी वर्गासाठी नव्या खोलीचा होता. अध्यक्षांनी विचारलं, "मास्टरजी, आप तो उसी गली के हैं, पानी की तकलीफ है क्या?" तुम्ही चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला. म्हणालात, "साहब लोगों ने जो देखा है, वही सही." एवढंच. नळ बाजाराच्या कोपऱ्यावर गेला. पुढच्या विषयाला कुणी हरकत घेतली नाही, खोली मंजूर झाली.

घरी आल्यावर आईनं घागर टेकवत विचारलं, "मास्तर कावून नाही बोलला? त्याले त सारं मालूम होतं." मी घागर उचलून आत ठेवली. त्यानंतर चार पावसाळे ती डब्यांखालून वाकत राहिली. तुम्ही दिसलात की पदर पुढं ओढून बाजूनं जायची. तुम्ही "काय वहिनी" म्हणायचात, ती वळायची नाही. खोली छान झाली होती. कौलं, दोन खिडक्या, तुमच्या हातचा फळा. तिथं शिट्टी इतकी ऐकू यायची नाही.

हे पत्र पेटीत ठेवीन, दुसरं काय करणार. पण एक लिहून टाकतो. आईला मी सांगितलं होतं की बैठकीच्या वेळी मला बाहेर उभं केलं होतं. खरं म्हणजे तुमच्यानंतर अध्यक्षांनी मागच्या बाकाकडे पाहून विचारलं होतं, "तुम भी वहीं रहते हो न, बेटा?" नव्या खोलीत रविवारचा कवितेचा वर्ग तू घ्यायचास, असं तुम्ही मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "जी, मास्टरजी ठीक कह रहे हैं."