अठ्ठावीस सेकंदांचा दम

अमरावती, २० नोव्हेंबर २००५

चि. धर्मपाल यास,
ताईचा सप्रेम जयभीम व मंगल आशीर्वाद. वि. वि.

तुमच्या संस्थेचे अध्यक्ष किसनराव इथे लेकीकडे आले होते, काल दवाखान्यात माझ्या ड्युटीत बी.पी. दाखवून गेले. कबड्डीच्या सामन्यात तू खुर्चीत घोरत होतास, पोरी तुझ्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि हरल्या, असं त्यांनी अख्ख्या रांगेला सांगितलं. पुन्हा डुलकी दिसली तर नव्या वर्षात पोरी दुसऱ्या सरांकडे देणार, हेही सांगितलं. तुझ्या पोरी सकाळी कापूस वेचून मैदानावर येतात आणि जाग्या असतात. तू काय वेचतोस?

डॉक्टरकडे जा. माझा लोभ आहेच, तो सोस.
पंचफुलाताई


अकोला, २६ नोव्हेंबर

ती. ताईस,
धर्मपालचा सप्रेम जयभीम. वि. वि.

किसनराव वाढवून सांगतात. मी डोळे मिटून डावाचा विचार करत होतो. बारा वर्षं पोरींना पळवतोय, थकवा येणारच. मी स्वतः पळत नाही, कारण पळणाऱ्याला दुसऱ्याच्या चुका दिसत नाहीत.

तब्येत उत्तम आहे. झोपेत माझा श्वास थांबतो म्हणून संध्या घाबरली आणि घड्याळ घेऊन बसली. अठ्ठावीस सेकंद भरले. ताई, चढाईत माझ्या एकाही पोरीचा दम एवढा टिकत नाही. संध्या म्हणते, याले दम नाही म्हणत. तिला खेळातलं कळत नाही.

लोभ वाढावा, डॉक्टरचा विषय कमी व्हावा.
धर्मपाल


अमरावती, १ डिसेंबर

चि. धर्मपाल यास,
आशीर्वाद. वि. वि.

चढाईत दम तुटला तर खेळाडू बाद होतो आणि नंतर परत आत येतो. झोपेतलं तसं नसतं. तू रात्रभर श्वासासाठी झगडतोस, म्हणून दिवसा खुर्चीत लवंडतोस. त्यात ते पोट. आमच्या वॉर्डात असेच एक मास्तर होते. होते असं लिहिलंय, परत वाच.

पोरींवर एकदा चढाई कर आणि जागेपणीचे सेकंद कळव. खोटं लिहू नकोस, संध्याला वेगळं पत्र टाकलंय.

तुझी (अजून तरी) ताई


अकोला, २८ डिसेंबर

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

सात सेकंद. मधल्या रेषेपासून दोन पावलांवर दम सुटला आणि उज्मानं घोटा धरला. ती आमच्यातली सगळ्यात लहान. सर तं काई कराच्या आधीच बाद झाले, एवढंच म्हणाली. कोणी हसलं नाही, त्याचं जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी तुझंच पत्र वाचून दाखवल्यासारखं सांगितलं. आता पोरींबरोबर रोज पाच फेऱ्या पळतो, सगळ्यांच्या मागे. पाठीवर झोपू नये म्हणून संध्यानं बनियनला मागून चेंडू शिवलाय. कबड्डीच्या घरात पहिल्यांदाच चेंडू आला.

काल किसनराव सराव संपेपर्यंत कुंपणाशी उभे होते. मीही उभाच होतो. नव्या वर्षातही पोरी माझ्याकडेच राहणार, असं सांगून गेले.

लोभ असावा. उरलेल्या जागेत संध्या लिहिते आहे.
धर्मपाल

ताई, जयभीम. काल रात्री मोजलं, नऊ सेकंद. सकाळी सांगितलं तर तोंड पाडून बसले. मी मात्र रात्रीच घड्याळ उशाखाली सारलं आणि कितीतरी महिन्यांनी झोपले.
संध्या