पिवळ्या बेटाची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठावीस, वनस्पतिशास्त्राची पदवीधर आणि आमच्या घरातली पहिली, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. शरीर आता फार दिवस साथ देणार नाही, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले आहे. बुद्धी शाबूत असल्याचा त्यांचाच दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग आहे, पण राग म्हणजे दबाव नव्हे, असे वकीलबाई म्हणतात.

वकीलबाईंनी एकेक कलम मोठ्याने वाचावे. ज्याच्या वाट्याला ते येते त्याने मान्य असल्यास तिथेच सही करावी आणि मगच पान उलटावे. दादा, ही पद्धत तुझीच आहे. आपल्या रोपवाटिकेत गिऱ्हाइकाची सही आधी आणि अटी नंतर.

कलम १. माझी पुस्तके आणि भिंग मुलींच्या शाळेला द्यावे. ज्या मुली वर्गात उलट प्रश्न विचारतात त्यांना आधी. माझ्या वाफ्यातली बांबूची रोपे मी कोणालाच देऊ शकत नाही. कॉलेजातल्या सरांनी दिलेल्या बियांपासून ती वाढवली होती, नदीकाठी लावायला, मागेल त्याला फुकट द्यायला. मी दवाखान्यात असताना दादाने ती उपटली. विचारले तर म्हणाला, "गवत माजलं होतं, काढून टाकलं." बांबू हे गवतच असते. तेवढे मात्र तो बरोबर बोलला.

कलम २. वहिनीला माझा हातआरसा देते. औषधांनी माझे केस गेले तेव्हा तिनेच तो दवाखान्यात आणून दिला होता, "बघ तरी, कशी दिसतेस" म्हणत. मी बघितले. आता तिने बघावे.

कलम ३. आत्याविषयी. बाबांनी रोपवाटिका आणि मागची खोली दादाला व मला निम्मी-निम्मी दिली. त्या खोलीत आत्या राहते. लोकांचे कपडे शिवून तिने माझी कॉलेजची फी भरली. दादाला ती खोली कुंड्या ठेवायला हवी आहे.

तिच्या भिंतीला लागून त्याने पिवळा बांबू लावला, तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते. काही बांबू एका जागी बेट धरून बसतात, काही धावतात. हा परदेशातून शोभेसाठी आणलेला, धावणारा. याचे खोड जमिनीखाली आडवे पळते आणि पार लांब जाऊन पेरांतून कोंब काढते. मी म्हणाले, "दादा, मध्ये खोल चर खण, नाहीतर हा आत्याच्या घरात शिरेल."

"शिरू दे की. भाडं तरी कुठे देते ती?"

गेल्या उन्हाळ्यात शिलाई मशीनखालची फरशी फोडून कोंब वर आला. बांबूचा कोंब पुढे जाड होत नाही, उगवतानाच पुऱ्या जाडीचा असतो. आत्याने छाटला, शेजारून दुसरा आला. त्यालाच पाय अडकून ती पडली आणि खुब्याचे हाड मोडले. दादा भेटायला आला तो टेप घेऊन. खोली मोजताना म्हणाला, "आत्या, तुझ्या वयाला आश्रमच बरा. तिथे फरशी तरी सपाट असेल."

म्हणून ही अदलाबदल. पिवळ्या बांबूचे सारे बेट, कुंड्यांतली सारी रोपे, त्या व्यवसायातला माझा निम्मा हिस्सा आणि गिऱ्हाइकांना दिलेल्या सर्व हमींची जबाबदारी दादाला एकट्याला. बदल्यात खोलीतला त्याचा निम्मा हक्क त्याने सोडावा. संपूर्ण खोली आत्याची. गेली कित्येक वर्षे तो माझ्याकडे हेच बेट मागतो आहे. दादा, घे. सही कर.

(इथे दादाची सही घ्यावी. सही झाल्यावरच पान उलटावे.)

कलम ४. गेल्या महिन्यात मी तुला म्हणाले होते, "दादा, बेटाला मागच्या बाजूने फुलोरा आलाय, आणि हा बांबू फुलला की..." तू मध्येच म्हणालास, "ए पदवीधर, फुलला तर भाव वाढवू. व्याख्यान नको." गिऱ्हाइके हसली. ते वाक्य अर्धेच राहिले होते, ते इथे पूर्ण करते.

हा बांबू फुलला की मरतो. आयुष्यात एकदाच फुलतो, तेही माणसाच्या आयुष्याएवढा काळ लोटल्यावर. बाबांनी आणलेल्या एका तुकड्यापासून तू सगळी रोपे केलीस. तोडून लावलेला तुकडा म्हणजे नवे झाड नव्हे. ते तेच झाड असते, वयही तेच. त्यामुळे बंगल्यांच्या कुंपणांना, हॉटेलांच्या दारांत, जिथे जिथे तू तो लावून दिलास, तिथे तो एकाच सुमारास फुलेल आणि वाळेल. तुझ्या पावतीवर छापले आहे, 'मेला तर दुसरा फुकट'. दुसराही त्याच बेटातला असेल, दादा. तोही मरेल.

शिक्षणाने माणूस उदार होतो, असे मला वाटायचे. अजूनही वाटते. म्हणून उपाय लिहून ठेवते. बियांपासून उगवलेला बांबू खरोखर नवा असतो, त्याचे आयुष्य तिथून सुरू होते. न धावणाऱ्या जातीची अशी रोपे गिऱ्हाइकांना बदलून दिलीस तर तुझे नाव राहील. एक वाफाभर रोपे तयार होती. मी ती तुला फुकट दिली असती.

तू ती गवत म्हणून उपटलीस.

हे सर्व मी पूर्ण शुद्धीत लिहिले, पुन्हा वाचले आणि एकही शब्द खोडला नाही.

सही: भाची, बहीण, पदवीधर

साक्षीदार: १. आत्याची फरशी दोनदा बसवणारा गवंडी (सही). २. समोरच्या छापखान्याची मालकीण, जिने त्या पावत्या छापल्या (सही). आत्याला खोली मिळत असल्याने तिची साक्ष चालत नाही. ती शेजारी बसून दोरा ओवते आहे.

स्थळ: आत्याची खोली
दिनांक: फुलोरा दिसल्यानंतरच्या महिन्यातला पहिला सोमवार