सरकलेलं शून्य

१२ मार्च, दुपार

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील, तुझ्या बायकोचा गुडघाही आता बरा असेल. जिने चढू नको म्हणावं तिला, ऐकणार नाही ती, तरी म्हण.

पत्र बघून दचकशील. हल्ली पत्रं लिहितं कोण, लग्नाची आमंत्रणंसुद्धा फोनवर येतात. पण आमचे फोन आरमाराच्या चौकशीवाल्यांनी काढून घेतलेत. हे पत्र समोरच्या काकू लेकीकडे जाताना पेटीत टाकतील. उत्तर त्यांच्याच पत्त्यावर दे.

बातम्यांत तू बघितलंच असशील. गस्तीचं मोठं जहाज आमच्या पुलाला धडकलं. बातम्यांत हे नसेल की त्या वेळी जहाजावर, ते आत आणणारे बंदराचे पायलट म्हणून, तुझे भावोजी होते. त्यांना नेलंय. घातपाताचा संशय आहे. अरे, हा माणूस घरी झुरळ मारत नाही, कागदावर घेऊन बाहेर सोडतो.

मी बंदराच्या टॉवरवर ड्यूटीवर होते. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. भर दुपार, वाऱ्याचं नाव नाही, पाणी परातीत ओतून ठेवल्यासारखं. भरती पूर्ण भरलेली. मोठी जहाजं भरतीलाच आत घेतात, नाहीतर तळ घासतो. आमची रीत तुला माहीत आहे, लहानपणापासून बघितली आहेस. पुलाच्या मधल्या खांबावर पट्टी रंगवलेली, तिच्यावर आकडे. पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते पायलट दुर्बिणीतून वाचणार, टॉवरवरून मी वाचणार. दोघांचा आकडा जुळला, की पुलाखाली किती जागा उरली ते ठरतं आणि जहाज पुढे.

आकडा जुळला. जागा पुरेशी होती. मी रेडिओवर म्हटलं, "या." आणि चहाचा कप उचलला.

आवाज कसा झाला ते सांगता येत नाही. जहाजाची डोलकाठी, तिच्यावरचं ते नवंकोरं रडार, सगळं पुलाच्या पोटात घुसलं. खाली उभ्या असलेल्या एका खलाशाचा पाय गेला. मी कप हातात धरून तशीच उभी. मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं बघतेय. जागा होती ना? मी पुन्हा पट्टी वाचली. तोच आकडा. पुन्हा वाचली. तोच.

ओहोटीला जहाज सुटलं, पण पुलाची तुळई तुटून लोंबकळत राहिली. तिच्याखालून काही नेता येत नाही. आणि आरमाराची बाकी सगळी गस्तीची जहाजं पुलाच्या आतल्या बाजूला. म्हणजे कोंडलेलीच. बाहेर समुद्रावर आपलं एकही जहाज नाही, आणि पलीकडे कुणाची तरी अनोळखी जहाजं दिसली म्हणून सगळ्यांची धावपळ. चौकशीच्या मुख्य अधिकारी एक बाई आहेत, आवाज न चढवता बोलतात. खिडकीतून बघत त्या सहज म्हणाल्या, "एवढ्या किनाऱ्याचा बंदोबस्त एका दुपारी बंद पडला. शत्रूला तोफ डागायची गरजच नाही. भरतीची वाट बघितली की झालं."

मला विचारलं, तुमचा आणि नवऱ्याचा आकडा इतका तंतोतंत कसा जुळला? काय सांगू? लग्न झाल्यापासून आमचं पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं आणि नेमका त्याचाच संशय.

मलाही घरी बसवलंय. बसून बसून डोक्यात एकच येतंय. तू शेवटचा आला होतास तेव्हा तुझ्या मोजणी खात्याचं यंत्र घेऊन आला होतास. पुलाची उंची, पाण्याची उंची, सगळं स्वतः मोजलं होतंस. त्याचे आकडे तुझ्याकडे असतील. ते या बाईंकडे पाठव. त्याखेरीज यांना सोडवायला माझ्याकडे दुसरं काही नाही.

त्या आकड्यांमुळे आणखी काय होईल ते मला कळतं. तुलाही कळतं. त्यावर आत्ता काही लिहीत नाही.

आई ठीक. बाबा ठीक आहेत. जेवतात. खिडकीत बसतात. तुला पत्र लिहितेय हे त्यांना सांगितलेलं नाही.

लगेच उत्तर दे.

तुझी,
ताई

-

२१ मार्च, सकाळ

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. तुझं उत्तर काकूंनी पदराखाली लपवून आणलं, हेर असल्यासारखं. हसू आलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

तुझे भावोजी काल घरी आले. आधी हे लिहिते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. वाळलेत. रात्रभर दिवा लावून ठेवायचे म्हणे तिथे. आल्यावर आंघोळ केली आणि गॅलरीत जाऊन पुलाकडे बघत बसले. मी म्हटलं, तिकडे काय बघायचंय आता. म्हणाले, "मी बरोबर वाचलं होतं गं." म्हटलं, हो, मीही. मग आम्ही दोघंही रडलो.

आईची तब्येत बरी. बाबांचीही ठीक आहे असं सांगतात.

तू विचारलं होतंस ते नीट सांगते.

तुझं पत्र आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभ्यानंच फोडलं. मागे बाबा उभे. त्यांनी विचारलं, "काय म्हणतो?" अरे, तू गेल्यापासून त्यांनी तुझा विषय काढला नव्हता. 'तो' असासुद्धा उल्लेख नाही. मी वाचून दाखवलं. 'आकडे तयार आहेत, आज पाठवू शकतो. पण ताई, मग बाबांचं काय?' हेही वाचलं. ती ओळ मला गाळता आली असती. नवरा कोठडीत होता माझा. गाळली नाही. त्याचं काय म्हणायचंय ते म्हण.

बाबा खुर्ची ओढून बसले. मग आईला म्हणाले, "माझा चांगला शर्ट काढ." आई एरवी दहा प्रश्न विचारते. तिनं मुकाट्यानं शर्ट काढला, इस्त्री केली.

बाबा थेट त्या बाईंकडे गेले, खांबापाशी चला म्हणाले. मग बाई, त्यांची दोन माणसं, मी आणि बाबा, असे लाँचमधून पुलाच्या खांबापाशी गेलो. खोल ओहोटी होती. बाबांनी रंगाऱ्याची रंग काढायची पत्री मागून घेतली आणि पट्टीचा रंग पाण्याच्या रेषेच्याही खालपर्यंत खरवडायला लागले. या वयात, लाँचच्या कडेला ओणवे होऊन. बाई म्हणाल्या, आमचा माणूस करेल. बाबा म्हणाले, "त्याला कुठं थांबायचं ते कळणार नाही."

वरच्या रंगाखाली जुना रंग निघाला. जुन्या रंगातलं शून्य नव्याच्या खाली, बोटभर. त्याच्याखाली आणखी जुनं, तेही बोटभर खाली. बारक्या, मी बघत होते आणि माझं डोकं बधिर होत चाललं होतं. शून्यंच शून्यं, एकाखाली एक, पाण्यात उतरत गेलेली.

बाई म्हणाल्या, "हे काय आहे?"

बाबांनी सांगितलं. अगदी साधं. शून्य म्हणजे वर्षातली सगळ्यात खोल ओहोटी. पूल झाला तेव्हा त्यांनी स्वतः छिन्नीनं खांबावर त्याची खाच मारली होती. पुढे खाचेवर शिंपल्यांचे थर चढले, दिसेना. पट्टी तर दर वर्षी खारं पाणी खातंच, दर वर्षी रंगवावी लागते. बाबा बंदराचे प्रमुख होते, त्यांनी नियम घालून दिला, खाच शोधत बसू नका. सगळ्यात खोल ओहोटीच्या दिवशी पाणी जिथं टेकेल तिथं मापाच्या फळीचं शून्य लावा आणि तिच्यावरून वर आकडे रंगवा. शून्याची व्याख्याच ती आहे, मग चूक होईल कशी? ते निवृत्त झाल्यावरही तेच चालू राहिलं. सगळ्यांना तेच बरोबर वाटत होतं, मलाही वाटत होतं. ओहोटीही वर येतेय हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. समुद्र चढत गेला आणि आम्ही दर वर्षी पट्टी उचलून त्याच्याबरोबर चढवत गेलो. म्हणून इतकी वर्षं आमच्या बंदरात पाणी वाढलंच नाही.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी हळूच विचारलं, "गोदीच्या दारांची उंची कशावरून धरली?" बाबा म्हणाले, यावरूनच. "तेलाच्या टाक्यांभोवतीची भिंत?" यावरूनच. "दारूगोळ्याच्या नव्या कोठाराची जमीन?" बाबांनी होकाराची मान हलवली. त्या बाई लाँचमध्ये खाली बसल्या. एक माणूस लगेच वायरलेसवर ओरडायला लागला, कोठार रिकामं करा म्हणून. उरलेल्या सगळ्या बंदरांना निरोप गेले, आपापले खांब खरवडा. किती ठिकाणी काय निघालं ते आम्हाला कोण सांगणार, पण धक्का येईपर्यंत त्या बाई वायरलेसपासून हलल्या नाहीत.

मूळची खाच मात्र दिसेना. सगळ्यात खोल ओहोटीलाही ती आता हातभर पाण्याखाली. बाबांनी शर्टाची बाही वर केली, आडवे झाले आणि हात पाण्यात घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. गाल पाण्याला टेकला. शिंपल्यांनी बोटं कापली असणार, नंतर रक्त दिसलं. चाचपत राहिले, आणि म्हणाले, "सापडली."

बाईंनी एका माणसाला तेवढं अंतर मोजायला लावलं. तुझ्या आकड्याशी जुळलं असणार, तू बघशीलच.

भावोजी सुटले ते तिथेच. पट्टीवर जे लिहिलं होतं ते पायलटनं बरोबर वाचलं, लिहिलेलंच चुकीचं होतं, हे सगळ्यांसमोर सिद्ध झालं. मला वाटलं संपलं. चूक झाली, वाईट झाली, पण चूकच ना? म्हाताऱ्या माणसाची, चांगल्या मनानं केलेली. चार लोक चार दिवस नावं ठेवतील.

धक्क्याला परत लागलो, तिथल्या चौकशीच्या खोलीत आई वाट बघत बसली होती. तिथे बाईंनी विचारलं. फार सहज विचारलं, कागद आवरता आवरता. "शून्य सरकतंय हे तुम्हाला याआधी कुणी सांगितलं होतं का?"

बारक्या, त्या खोलीत ते फक्त मला आणि आईला माहीत होतं. तू जेवता जेवता म्हणाला होतास, बाबा, शून्य तपासा, एक दिवस आरमाराची जहाजं अडकतील. ते तुला हाताला धरून खांबापाशी घेऊन गेले होते, बघ, बोटभर तरी हललंय का म्हणून. तू म्हणालास पट्टी खोटं बोलतेय, आणि त्यांना ऐकू आलं की ते स्वतःच खोटं बोलतायत. घरातलं भांडण. बाहेर कुणाला माहीत असणार? ते 'नाही' म्हणाले असते तर झाली गोष्ट तिथेच संपली असती. मी त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांनी सांगितलं, म्हणा नाही. आईनं तर त्यांचा हातच धरला.

बाबा म्हणाले, "हो. माझ्या मुलानं सांगितलं होतं. तो बरोबर होता. मी ऐकलं नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला कल्पना होती." बाबा म्हणाले, "होती."

बाबांना कपडे घ्यायला घरी आणलं, आणि ज्या गाडीतून तुझे भावोजी घरी आले, त्याच गाडीतून बाबांना नेलं. एक दारातून आत येतोय, दुसरा बाहेर पडतोय. दोघं क्षणभर समोरासमोर आले. बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तोच, ओला. ते काय बोलले ते भावोजी सांगत नाहीत.

माहीत असूनही आरमाराला धोक्यात घातलं, असा आरोप लावतायत. वकील म्हणतो, ती चूक होती, कट नव्हता, हे एकच माणूस सांगू शकतो. ज्यानं इशारा दिला होता तो. तुला साक्षीला बोलावतील. बोलावण्याआधीच ये.

काय सांगायचं ते मी शिकवत नाही. खरं तेच सांग. तुला तेव्हाही वाटलं होतं की ते खोटं बोलत नाहीत, हट्टी आहेत, एवढंच. तेवढं तू म्हणालास तर ते सुटतील, आणि नाही म्हणालास तरी मी तुला दोष देणार नाही. हे लिहिलं खरं, पण देईन.

आई तुझी खोली झाडतेय.

वाट बघणारी,
तुझी ताई