स्थितप्रज्ञ निफाडला थांबतो

प्रिय पुंजाराम,

सप्रेम नमस्कार. कुसाकाकूंचे गुडघे, चाळीत साठवलेला कांदा आणि तू, याच क्रमाने, सुखरूप असाल असं धरून चालतो. (हे पत्र तुझ्या आईला, म्हणजे काकूंना, मोठ्याने वाचून दाखवू नकोस. कारण पुढे कळेल.)

माझी भाची योगिनी अंबडच्या शेडमध्ये गाड्यांच्या चाचणीसाठी डब्या बनवते, हे तुला ठाऊकच आहे. त्यासाठीच तर तुझ्या वडिलांच्या, आबांच्या, माघारी पडून असलेली जीप तू आम्हाला दिलीस. गाडी नेमकी कुठे आहे, किती वेगाने वळली, हे डबी उपग्रहांना विचारून सांगते. उपग्रह दिसेनासे झाले की आतल्या जडत्वमापकाच्या भरवशावर स्वतःच अंदाज बांधते. परदेशी डबीच्या मानाने ही जवळजवळ फुकटच. नाव मी सुचवलं: स्थितप्रज्ञ. (योगिनी म्हणाली, "मामा, गिऱ्हाइकाला उच्चारता येईल असं सांगा." मी दुर्लक्ष केलं.) शुक्रवारी पुण्याच्या एका कंपनीची माणसं ती तपासायला येतायत. त्यांनी नाक मुरडलं तर शेडला कुलूप आणि योगिनीला पुन्हा नोकरी.

तर निफाडच्या रस्त्यावर एके ठिकाणी वडांची दाट कमान आहे. तिथे उपग्रह गेले की पडद्यावरची आमची जीप उजवीकडे वळून द्राक्षबागेत शिरायची, एका जागी थांबायची आणि निमूट रस्त्यावर परतायची. आम्ही मात्र सरळ जात असायचो. दर वेळी तीच जागा. योगिनीने डबी तपासली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी नववीतला विद्यार्थी झालो. डबीवरचा बाण गाडीच्या तोंडाकडे हवा. पण ती बसवताना पूजा मी सांगितली होती. जीप उत्तरेला तोंड करून उभी, आणि देव पूर्वाभिमुख हवा, म्हणून बाणही मी पूर्वेला फिरवला. "मामा, हे देवघर नाहीये," एवढंच ती म्हणाली. बाण सरळ केल्यावर तिच्या स्वतःच्या गाडीत डबी शहाण्यासारखी सरळ गेली. आबांच्या जीपमध्ये मात्र अजूनही उजवीकडेच.

शेवटी आम्ही पडद्यावरच्या त्या रेषेमागून जीप घातली. योगिनी चालवत होती. बागेपलीकडे एक घर, ओट्यावर साठी उलटलेली बाई. जीप पाहून उठली आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, "लय दिवस लावले ह्या टायमाला." मग दोन कप चहा आणला. एक माझ्या हातात दिला. दुसरा, योगिनीला न विचारताच, बॉनेटवर ठेवला. जडाला स्मरण नसतं असं मी वर्गात आयुष्यभर शिकवत आलो. त्या चहात साखर नव्हती, पुंजा. (आबांना मधुमेह होता, हे घराबाहेर कुणाला माहीत होतं?)

मला विपरीत काही सुचवायचं नाही. यंत्र आहे, चूक निघेल. घरी सर्वांना यथायोग्य.

तुझा,
शास्त्री (हे नाव तूच पाडलंस)

ता. क. गुरुवारच्या आत येऊन जीप घेऊन जा. परतताना निफाडवरून जा; वाट वाकडी पडेल, पण जीपला ठाऊक आहे. आबा गेल्याचं मी त्या बाईंना सांगितलेलं नाही. ते मुलानेच सांगावं.

ता. क. २. आम्ही निघालो तेव्हा बॉनेटवरचा कप रिकामा होता. मला वाटलं, योगिनीने घेतला. शेडवर आल्यावर विचारलं, तर म्हणाली, "मामा, मी चहा पिते कधी?"