टेप लावलेलं पान

रविवार, कामोठे

बाबांनी आज चक्क दगा दिला. सकाळीच त्यांना मायोसिस, म्हणजे आई-बाबांचे गुण वाटून मुलांत कसे येतात ते, समजावलं होतं. लाल पाठीचे पत्ते म्हणजे आजोबांकडून आलेले गुण, निळ्या पाठीचे आजीकडून. एक लाल, एक निळं पान कापून अर्धं-अर्धं टेपने जोडलं. "तुमच्या बॉडीत असंच मिक्सिंग होतं, प्रत्येक मुलासाठी नव्याने." ते म्हणाले, "कळलं गं, प्रोफेसरबाई!" कसली खूश झाले मी.

संध्याकाळी काकाने विचारलं, "हिलापण ताईसारखं मेडिकलच्या क्लासला घालणार?" बाबा म्हणाले, "छे! हुकमाचे पत्ते ताईने नेले, हिला उरलेले. हिनेच शिकवलं, सायन्स आहे!" सगळे हसले. ताईपण.

पण पत्ते संपत नाहीत ना! दर वेळी पूर्ण कॅट पिसतात. मग सकाळी काय कळलं होतं?

टेपवालं पान अजून हातात आहे. असं पान आजोबांकडे नव्हतं, आजीकडेही नव्हतं. हे उरलेलं कसं?