साकेतला दिलेलं औषध

लॅमिंग्टन रोड, हुबळी
१२ ऑगस्ट १९९८

चि. वेदश्रीस कुसुमआत्याचे अनेक आशीर्वाद.

साकेत काल दवाखान्यातून घरी आला. वरणभात मागून जेवला. फोनवर बोलवेना, म्हणून लिहिते.

चूक माझीच. हेमावतीला दिवस गेलेत, आणि लोहाच्या लाल गोळ्या पाहिल्या की सूनबाईंचं तोंड वाकडं. देवापुढच्या वाटीतला प्रसाद ती नाकारणार नाही, म्हणून मी गोळ्या त्या वाटीत ठेवू लागले. स्वतःच्या हुशारीवर खूश होते! पण त्या वाटीतलं हात जोडून खायचं, हे दोन वर्षांच्या नातवालाही मीच शिकवलेलं. पंधरा-वीस गोळ्या खाल्ल्या त्याने.

उलट्या थांबल्या तेव्हा मला वाटलं, निभावलं. डॉक्टर म्हणाले, लोह रक्तात उतरतंय. त्याला बांधून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध लागेल. ते एकाही दुकानात मिळेना. नाव ऐकलं आणि तेच औषध अंगात सोडणारा तुझा पंप आठवला. तुझा बाबा, आमचा अण्णा, तासाभरात खोका घेऊन आला, म्हणून पोर वाचलं.

आता तुझं. अण्णा म्हणतो, हिशेबाने तुमच्या घरात चारच कुप्या उरायला हव्या होत्या. बाकीचा खोका तू पुस्तकांमागून काढून दिलास. दर महिन्याला चढवलेल्या रक्तातलं लोह अंगात साठतं, त्यावरचं औषध ते, आणि तू घेतच नव्हतीस? रागावण्याचा हक्क मला उरला नाही. पण का, ते कळव.

तुझी,
आत्या

केलगेरी, धारवाड
१७ ऑगस्ट १९९८

ती. कुसुमआत्यास सा. न.

साकेत जेवल्याचं वाचून आईने देवापुढे साखर ठेवली. साखरच आहे ना, हे मी पाहून घेतलं!

सोळावं लागल्यापासून पोटाला सुई मीच लावते, म्हणून कुणाला कळलं नाही. रक्त चढवायला माझ्याबरोबर तारिहाळचा लोकेश यायचा. त्याने औषध एकदाही चुकवलं नव्हतं. मे महिन्यात तो गेला. मग वाटलं, कशाला?

बाबांनी विचारलं, साकेतसाठी क्षणभर थांबली नाहीस, मग स्वतःसाठी का नाही? त्याचं उत्तर तुला सांगते. साकेत मोठा होणार, हे मला दिसत होतं. माझं तसं कधी दिसलं नाही.

गेल्या सोमवारपासून पंप पुन्हा लावते, आई शेजारी बसते म्हणून. किती दिवस, ठाऊक नाही.

माया कमी करू नकोस.

तुझी,
वेदश्री

लॅमिंग्टन रोड, हुबळी
२२ ऑगस्ट १९९८

चि. वेदश्रीस आशीर्वाद.

अण्णाला विचारलं. लोकेशला औषध बाराव्या वर्षी सुरू झालं, तोवर लोह हृदयात साठलेलं. तुला चौथ्या वर्षापासून मिळतंय. हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं.

आणखी एक. साकेतला आम्ही पाळण्यातच इंजिनिअर करून टाकलंय. तू आलीस की मात्र विचारतो, रक्त कधी चढवलं, भूक लागते का. तुझ्या पुढच्या वर्षांकडे पाहायला आम्हीच घाबरत होतो गं, मग तुला ती कुठून दिसणार?

तर आज विचारते. दहावीची एस.एस.एल.सी. झाल्यावर तू काय शिकणार? कुठल्या कॉलेजात? आणि त्यानंतर? चार ओळींत उरकू नकोस, मला सगळं ऐकायचं आहे.

पत्राची वाट पाहणारी,
आत्या